सीपी, जबडा आणि मोठी झालेली मुलं

सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहणं) म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न "चालतो का?", चावता येतं का हे कुणी विचारतच नाही. माझ्या सीपी असलेल्या भावाने आता पस्तिशी ओलांडलीय, त्यालाही नाही विचारलं कुणी. याची मुळं बरीच मागे जातात.

लंडनचे डॉ. विल्यम लिटल, त्यांचं स्वतःचंच पाऊल लहानपणापासून वाकडं, १८३६ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन त्यांनी ऑपरेशन करून घेतलं आणि मग तेच इंग्लंडमध्ये करायला लागले. १८६१ मध्ये त्यांनी अवघड बाळंतपण आणि मुलांचे ताठ हातपाय यांचा संबंध मांडला, पुढे कित्येक वर्षं याला लिटलचा आजारच म्हणायचे. १८८९ मध्ये डॉ. विल्यम ऑस्लर यांचं सीपीवरचं पुस्तक आलं, १८९७ मध्ये फ्रॉइड यांचं (हो, मनोविश्लेषणवाले तेच), फ्रॉइड यांचं म्हणणं की बाळंतपण अवघड जाणं हे आधी पोटातच काही बिघडल्याचं लक्षणही असू शकेल. म्हणजे नजर पायावरून मेंदूकडे गेली, पण दोन्ही पुस्तकांच्या नावात लहान मुलंच, ती मोठी होतील तेव्हाचं काय हा विषयच नाही.

आपल्याकडेही तसंच. पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, जखमी जवानांसाठी, त्यामुळे पुनर्वसन म्हणजे हातपाय हे डोक्यात पक्कं. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सीपीवाल्यांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ही संस्था सुरू केली, फार मोठं काम, पण तेही मुलांपासूनच सुरू झालं. कायद्याचं बघा, अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सीपी चलनवलनाच्या अपंगत्वात धरलेली आणि २०१६ च्या कायद्यातही त्याच गटात.

आता जबडा. गालातला मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरॅलिस हे चावायचे मुख्य स्नायू, दात आवळून बोट लावलं तर दोन्ही फुगलेले लागतात. चावण्याचा ताल मेंदूच्या खोडात तयार होतो आणि वरचा मेंदू त्याला आवर घालतो, सीपीत नेमका तो आवरच बिघडतो. शिवाय जिभेने घास दाढेखाली ढकलावा लागतो, ते जमलं नाही तर भाकरीचा तुकडा तोंडात तसाच फिरत राहतो. आणि ताठ स्नायू म्हणजे ताकदवान स्नायू असं अजिबात नाही, घरच्यांचा इथेच गोंधळ होतो.

हे मोजायची सोय जुनीच आहे. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूतला विजेचा सिग्नल बघायचा, ईएमजी, दातांच्या डॉक्टरांकडे ते १९४९ मध्ये मॉयर्स यांनी आणलं. पुढे सीपीवाल्यांवर वापरलं तेव्हा दिसलं की जोरात दात आवळायला सांगितले तरी सिग्नल कमी येतो. पण सीपीत चालणं-हालचाल किती जमते हे ठरवायच्या पाच पातळ्या १९९७ मध्ये ठरल्या आणि खाणंपिणं किती जमतं याच्या पाच पातळ्या यायला २०१४ उजाडलं!

त्या मधल्या काळात मोठी झालेल्यांना लहानपणी लावलेला मिक्सरमधला वरणभात तसाच चालू राहिला, परत तपासणी नाहीच. वय वाढलं की दात झिजतात, चावायला जास्त वेळ लागतो, ठसका वाढतो, म्हणून स्पीच थेरपिस्टकडून चावणं-गिळणं मोठेपणी परत बघून घ्या, डेंटिस्टलाही दाखवा, आणि तिथे गेल्यावर पायांच्या आधी जेवणाचं सांगा.