फेब्रुवारीत प्युअर, मार्चमध्ये क्रॉस

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या शेजारच्या विंगमध्ये एक कुत्रा आहे. वाघ्या रंगाचा, तोंड काळं, गालाची कातडी लोंबती, आणि मान अशी की खांद्यातूनच डोकं फुटलंय असं वाटावं. फेब्रुवारी २०२४ पर्यंत तो "प्युअर इंग्लिश मॅस्टिफ" होता, मालक लिफ्टमध्ये भेटले की किमतीसकट सांगायचे. मग १२ मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं पत्र आलं, पिटबुल, रॉटवायलर, मॅस्टिफ वगैरे २३ जातींची विक्री आणि ब्रीडिंग थांबवा म्हणून, आणि चार दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर मालकांचा मेसेज, "आमचा मॅस्टिफ नाही हो, क्रॉस आहे, फक्त दिसतो तसा." गंमत म्हणजे त्या पत्रात मिक्स आणि क्रॉसही होतेच. पुढे एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते पत्र रद्द केलं, पण ग्रुपवरचं भांडण चालूच राहिलं. कोणी म्हणे कानावरून कळतं, कोणी म्हणे शेपटीवरून, आणि एक काका तर टाळू काळा आहे का ते बघा म्हणून हटून बसले.

प्युअर की क्रॉस, नुसतं बघून कळतं का? नाही कळत. का नाही, ते मात्र भारी आहे.

आधी एक गोष्ट, मॅस्टिफ ही एक जात नाहीच. इंग्लिश, नेपोलिटन, बुलमॅस्टिफ, ज्याला आपल्याकडे फ्रेंच मॅस्टिफ म्हणतात तो, सगळे वेगळे. तिबेटन मॅस्टिफ तर डीएनएच्या हिशोबात युरोपातल्या मॅस्टिफांच्या घराण्यात बसतच नाही, नुसतं आडनाव सारखं (२०१३ साली चीनमधल्या लुओहे गावच्या प्राणीसंग्रहालयाने हाच सिंहाच्या पिंजऱ्यात ठेवला होता, भुंकला तेव्हा पब्लिकला कळलं). बुलमॅस्टिफ तर इंग्लंडात १९व्या शतकात मॅस्टिफ आणि बुलडॉग मिसळूनच केला, साधारण ६०-४० सांगतात, आणि तिथल्या केनेल क्लबने (जातींची नोंद ठेवणारी संस्था) १९२४ मध्ये त्याला वेगळी जात मानलं. म्हणजे १९२३ चा क्रॉस १९२४ मध्ये प्युअर झाला, कुत्र्यात काहीच बदललं नाही, वहीत बदललं.

आता रंग, माझा आवडता भाग. कातडीत रंग बनवणारी पेशी असते, तिच्या दारावर एक बेल आहे असं समजा, बेलचं नाव एमसी१आर. एक हार्मोन येऊन बेल दाबतं, पेशी काळा रंग बनवते. अगूटी नावाचं प्रोटीन येऊन बेल अडवून धरतं, मग पिवळट-तांबूस रंग. आणि तिसरं एक प्रोटीन आहे, बीटा-डिफेन्सिन, हे मुळात जंतूंशी लढणाऱ्या खानदानातलं, पण कुत्र्यात ते बेलवर जाऊन बसतं आणि अगूटीला जवळच येऊ देत नाही, म्हणजे परत काळा. काळा लॅब्रॅडॉर काळा असतो तो या तिसऱ्यामुळे. वाघ्या कुत्र्यात काय होतं, तर अंगाच्या काही पट्ट्यांत डिफेन्सिन जिंकतं आणि काहींत अगूटी, म्हणून पट्टे. काळं तोंड हे अजून वेगळं, ते बेलच्याच जीनचा एक प्रकार आहे आणि तो डॉमिनंट, आईबापापैकी एकाकडून एक प्रत आली तरी पिलाचं तोंड काळं होऊ शकतं. (जाता जाता, उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांना हा डिफेन्सिनचा काळा प्रकार पाळीव कुत्र्यांकडून मिळालाय, म्हणजे तिथेही प्युअर शोधायला जाऊ नका.)

आता हिशोब करा. कुत्र्याला ३९ गुणसूत्रांच्या जोड्या आणि वीस हजारांच्या आसपास जीन्स. त्यातल्या मोजून दोन-तीन जागा जुळल्या की मॅस्टिफचा रंग आणि मुखवटा तयार. आकार, केस, पायांची लांबी, थोबाडाचा आखूडपणा हेही कुत्र्यात थोड्याच पण दणकट जीन्सवर बरंचसं ठरतं, माणसाच्या उंचीसारखं हजारो बारीक जीन्सवर नाही, कारण माणसाने निवडून निवडून नेमकी ती मोठी बटणंच दाबलीयत. मग वर्तकनगरच्या गल्लीतल्या, काळ्या तोंडाच्या तांबूस कुत्रीला कुठल्यातरी मॅस्टिफपासून पिल्लं झाली, त्यातलं एक परत मॅस्टिफशी लावलं की ७५ टक्के, अजून एकदा की सरासरी ८७.५ टक्के, आणि तो डोळ्याला शंभर टक्केच वाटणार. उलटही होतं. १९६५ साली अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल या जातींच्या क्रॉसवरचं काम छापलं, त्यात बरीच पिल्लं दोघांपैकी कोणासारखीच दिसत नव्हती.

त्याहून मजा म्हणजे अस्सल मॅस्टिफ आईबापांना कधीकधी झुपकेदार लांब केसांचं पिल्लू होतं. लांब केसांचा जीन रिसेसिव्ह, दोघांकडे एकेक लपलेली प्रत असेल तर चारात एक. कागदाने शंभर टक्के प्युअर, आणि आमचे काका त्याला बघून म्हणणार भेसळ आहे.

बाजारात मात्र वेगळंच विज्ञान चालतं. "डबल बोन" पिल्लू म्हणून जास्तीचे पैसे घेतात, अरे हाडं सगळ्यांना तीच सव्वातीनशेच्या आसपास, जाड असतील फार तर. वीसनखी कुत्रा जातिवंत, हे तर गावापासून ठाण्यापर्यंत. साध्या कुत्र्याला १८ नखं, मागच्या पायांना अंगठा आला की २०. तो जास्तीचा अंगठा सॉनिक हेजहॉग नावाच्या जीनपासून लांब असलेल्या एका स्विचमधल्या बदलाने येतो (हो, व्हिडिओ गेमवरूनच नाव), आणि तो गल्लीतल्या कुत्र्यातही सापडतो. शौर्य-बिर्य काही नाही, कापायला दोन नखं जास्त.

जाणकारांनाही बघून जमत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्य व्हिक्टोरिया व्हॉइथ आणि सहकाऱ्यांनी दत्तक दिलेले २० कुत्रे डीएनएने तपासले, दत्तक देणाऱ्या संस्थेने सांगितलेली एक तरी जात मुख्य म्हणून निघाली असे फक्त २५ टक्के.

डीएनए टेस्ट पण जादू नाही. गालाच्या आतून कापसाने लाळ घेतात, डीएनएमधली हजारो ठिकाणची अक्षरं वाचतात आणि कंपनीकडे ज्या जातींचे नमुने आहेत त्यांच्याशी लांबच लांब तुकडे जुळवतात. साठ्यात तुमची जात नसेल तर जवळची दुसरी सांगतात. त्यापेक्षा आईबाप हातात असतील तर पिलाचा आणि त्यांचा डीएनए थेट जुळवणं सोपं. आणि केनेल क्लबचा कागद असेल तर कुत्र्याच्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर स्कॅनरने वाचून कागदाशी ताडून बघायचा, पाच मिनिटांचं काम.

हे मी मालकांना सांगितलं. म्हणाले, "चिप आहे ना, कागद ब्रीडर कुरिअर करणार होता." दोन वर्षं झाली.