"ट्रायल सुरू झालीय, आता दुरुस्ती नाही" हे आलं कुठून?

दावा पुराव्यावर लागतो, उलटतपासात काहीतरी बाहेर येतं आणि मग वादी नाहीतर प्रतिवादी दुरुस्ती अर्ज टाकतो, की आमचा अमुक मुद्दा दाव्यात किंवा कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) राहिलाय तो घालू द्या. समोरचे वकील लगेच म्हणणार, ट्रायल सुरू झालीय, आता नाही. पण हा आक्षेप तसा नवा आहे, २००२ नंतरचा.

मुळात विचार उलटा होता. इंग्लंडमध्ये १८८४ ला क्रॉपर वि. स्मिथमध्ये न्या. बोवेन म्हणाले की कोर्ट पक्षकारांचे हक्क ठरवायला आहे, चुकांची शिक्षा द्यायला नाही. दुरुस्ती मागणाऱ्याने खर्च दिला की समोरच्याचं नुकसान भरून निघतं अशी तेव्हा समजूत. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ६ रूल १७ आला तोही "कोणत्याही टप्प्यावर" दुरुस्ती देणारा, आणि १९०९ ला मुंबई हायकोर्टाने किसनदास वि. राचप्पामध्ये दोनच गोष्टी बघितल्या, खऱ्या वादाच्या निकालासाठी दुरुस्ती गरजेची आहे का आणि समोरच्यावर अन्याय होत नाही ना. १९५७ ला पिरगोंडा पाटील केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच उचलून धरलं.

पण खर्चाने सगळं भरून निघतं का हो? १९८७ ला इंग्लंडमध्येच केटेमन केसमध्ये लॉर्ड ग्रिफिथ्स यांनी सांगितलं की खटल्याचा माणसावर जो ताण येतो तो पैशात मोजता येत नाही. मला हे फार पटतं, कारण तारखेला येऊन बसणाऱ्या माणसाचा विचार इथे झाला.

आपल्याकडे तारखा लांबवायला हे अर्ज इतके वापरले गेले की १९९९ च्या कायद्याने रूलच काढून टाकायचं ठरलं, वकिलांनी जोरदार विरोध केला, आणि ते लागू व्हायच्या आधीच २००२ च्या दुरुस्तीने रूल परत आला पण परंतुक, म्हणजे अट, लावून, की ट्रायल सुरू झाल्यावर दुरुस्ती नाही, योग्य दक्षता घेऊनही मुद्दा आधी मांडता आला नसता असं कोर्टाला पटलं तरच. खरी मेख या दक्षतेत आहे, बरेच अर्ज त्याबद्दल एक ओळही न लिहिता येतात! ट्रायल सुरू कधी धरायची यावरही भांडणं झाली, २००८ ला विद्याबाई केसमध्ये सरतपासाचं (साक्षीदाराच्या मूळ साक्षीचं) प्रतिज्ञापत्र दाखल होणं म्हणजे सुरुवात असं धरलं गेलं.

१ जुलै २००२ च्या आधी दाखल झालेल्या प्लीडिंगला (दाव्याला किंवा कैफियतीला) मात्र हे परंतुक लागत नाही, त्यामुळे दावा जुना असेल तर आधी दाखल तारीख बघा.