रेल्वेची बैठी क्वार्टर्स, नागपूर

रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या, एकाला एक लागून असलेल्या एकमजली विटांच्या घरांच्या ओळी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात आली. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ ची. अजनीची वसाहत पहिलीच्या वारशातली, मोतीबागेची दुसरीच्या.

ओळीतल्या दोन घरांची मधली भिंत सामाईक. त्यात एका भिंतीचा खर्च वाचतो, आणि नागपूरकराच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तिच्यावर ऊन पडत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा मधल्या घरांना पुढची-मागची भिंत आणि छप्पर एवढाच ताप; पश्चिमेच्या टोकाचे घर मात्र संध्याकाळपर्यंत भाजून निघते.

बाहेरची भिंत बहुधा दीड विटेची, म्हणजे सुमारे साडेतेरा इंच, चुन्यात रचलेली. गिलावा नसेल तिथे रचना उघड वाचता येते: एका थरात विटांची लांब बाजू, वरच्या थरात आखूड टोके. सांधे त्यामुळे एकावर एक येत नाहीत. दारा-खिडक्यांवर लाकडी पाटाऐवजी उथळ कमान असते. तिच्या विटा किंचित तिरक्या बसवून भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टाकलेला असतो. छप्पर उतरते, इंग्रजी कवेलूंचे म्हणजे चपट्या कौलांचे. काही इमारतींत लोखंडी गर्डरांमध्ये विटांच्या बुटक्या कमानी घालून सपाट छत केले जाई; गर्डर म्हणून जुने रूळ वापरायची रेल्वेची रीतच होती. पुढे सपरी म्हणजे ओसरी, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला न्हाणी आणि संडास. त्यापलीकडची अरुंद गल्ली सफाई कामगारांच्या वाटेची. जातिव्यवस्था नकाशातच आखलेली होती, हे या वास्तुरचनेचे कौतुक करताना सहसा सांगितले जात नाही.

या घरांची खराबी वयापेक्षा डागडुजीने जास्त होते. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, लोणा म्हणजे क्षारांचा पांढरा थर फुटतो, विटेचे पापुद्रे सुटतात. कवेलू काढून त्यांच्या जागी घातलेले पत्रे तर उन्हाळ्यात कूलरलाही दाद देत नाहीत.

मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. इंजिने, डबे तिथे जपले गेले. अजनीत प्रस्तावित इंटरमॉडेल स्टेशनवरून (रेल्वे, बस, मेट्रो एकत्र आणणारे स्थानक) २०२०-२१ मध्ये आंदोलन पेटले, पण बोलणे झाले ते घरांपेक्षा प्रामुख्याने तोडल्या जाणाऱ्या झाडांबद्दल.