लाइनमन म्हणजे नुसतं वजन?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये चेंडू हाती असलेल्या संघाची पाच जणांची पुढची फळी, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, समोरच्यांना अडवते; या फळीतले खेळाडू म्हणजे लाइनमन. त्यांच्याबद्दल जुना समज आहे: ‘ऑफेन्सिव्ह लाइनला अक्कल लागत नाही, सगळ्यात जाडी पाच पोरं उभी केली की झालं.’

समज होणं साहजिक आहे. तिथले बरेच लाइनमन 300 पौंडांच्या, म्हणजे 136 किलोंच्या आसपास असतात. पण वजन नंतरही वाढवता येतं. हातांची लांबी आणि उंची वाढवता येत नाही, चपळ पाय घडवणंही अवघड. म्हणून शाळकरी पोरं निवडताना प्रशिक्षक त्यांची कुस्ती नि बास्केटबॉलही बघतात. टाइट एंड म्हणून, म्हणजे लाइनच्या टोकाला राहून अडवणारा आणि चेंडूही झेलणारा म्हणून, खेळणारा सडपातळ मुलगाही कधी हेरला जातो. मग खुराक, व्यायामशाळा, आणि बहुतेकदा पहिलं वर्ष बाकावर.

अकलेचं म्हणाल, तर चेंडू सुटण्याआधी सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध राहून चेंडू मागे देणारा खेळाडू, समोरची रचना वाचून कोणी कुणाला अडवायचं ते ओरडून सांगतो.

पडताळा सोपा आहे. पुढच्या सामन्यात चेंडू सोडून फक्त डाव्या टॅकलकडे, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाच्या खेळाडूकडे बघा: गुडघे वाकलेले, पाठ ताठ, मागे सरकतानाही तोल शाबूत. शिवाय संघाच्या संकेतस्थळावर एकाच खेळाडूचं पहिल्या आणि चौथ्या वर्षाचं वजन ताडून बघा. बऱ्याचदा फरक बोलका असतो.