कारखान्याच्या मातीवर घर बांधताना

बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर वसाहत उभारायची असेल, तर वास्तुरचनाकाराच्या आधी तिथे मातीचे नमुने काढणारा माणूस पोचायला हवा. धातूकाम चालायचं तिथे शिसं आणि कॅडमियम, टाक्यांपाशी तेल, लाकडाला वाळवीपासून वाचवणारं रसायन लावायचे तिथे आर्सेनिक. जुना धंदा कोणता आणि यंत्रं नेमकी कुठे होती, यावर नव्या इमारती कुठे उभ्या राहणार हे बरंचसं ठरतं.

सर्वांत चिवट प्रकरण म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन. धातूवरचं ग्रीस काढायला ते वापरत. पाण्याहून जड असल्यामुळे ते भूजलातूनही खाली उतरून बसतं, आणि त्याची वाफ वर्षानुवर्षं वर येत फरशीच्या भेगांतून घरात शिरते. म्हणून अशा ठिकाणी जोत्याखाली वायुरोधक पडदा अंथरतात. त्याखाली खडीचा थर आणि त्यातली वाफ छतापलीकडे सोडणारे पाइप. उरलेली दूषित माती उचलून धुतात किंवा स्वच्छ मातीच्या जाड थराखाली बंद करतात. विष शोषणारी झाडं लावणं मलाही मनापासून आवडेल, पण त्यांना बरीच वर्षं लागतात आणि मुळं पोचतील तेवढीच माती सुधारते.

हा खर्च जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे तीच जमीन अधिक घरांनी वाटून घेतली तरच तो पेलतो. दाट वस्ती ऊर्जाही वाचवते. सुट्या बंगल्याला चारही बाजूंनी ऊन-थंडी लागते. इमारतीतल्या मधल्या घराच्या एक-दोनच भिंती उघड्या असतात.

‘पावसाचं पाणी जमिनीत जिरवा’ हा एरवी उत्तम सल्ला इथे मात्र घातक ठरू शकतो. मुरणारं पाणी मातीतलं विष भूजलात उतरवतं. स्वीडनमधल्या माल्मोच्या जुन्या औद्योगिक बंदरात, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर, २००१ मध्ये ‘बो-०१’ ही वसाहत झाली. तिथे पाणी हिरव्या छतांवर आणि अंगणातल्या तळ्यांत रेंगाळतं, मग उघड्या दगडी पन्हळींतून समुद्राला मिळतं. खारा वारा अडवायला उंच इमारती समुद्राकडे आणि ठेंगणी घरं वाकड्यातिकड्या गल्ल्यांत आत. हिरवाईला चक्क गुण होते: पक्क्या फरशीला ०, खोल मातीतल्या झाडोऱ्याला १, आणि प्रत्येक भूखंडाची सरासरी किमान ०.५. शिवाय वटवाघळांसाठी खोकी वगैरे ३५ उपायांच्या यादीतून बिल्डरनं निदान १० निवडायचे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण गुणांच्या हिशेबात जीवजंतू निसटतात.

उन्हाळ्यातली ऊब खाली चुनखडकातल्या पाण्यात साठवून हिवाळ्यात वर खेचायची, ही तिथली योजनाही सुंदर. तरीही अनेक घरांचा ऊर्जावापर वर्षाला चौरस मीटरमागे १०५ युनिट या उद्दिष्टाच्या वर गेला. समुद्र दिसावा म्हणून ठेवलेल्या भल्यामोठ्या काचांतून ऊब निसटत होती. त्याच बंदरातल्या पुढच्या टप्प्यांत म्हणूनच भिंतींच्या उष्णतारोधनावर आणि फटी बुजवण्यावर जास्त लक्ष दिलं गेलं.