कोतवाल बुकातले आठ दिवस

जात पडताळणीसाठी आजोबांच्या जन्माची नोंद हवी होती, म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन दिवस बसलो. विदर्भात ही वारी बहुतेक घरांना कधी ना कधी घडते. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळात गावातले जन्म-मृत्यू कोतवालानं कळवायचे आणि ते वहीत चढायचे. तेच हे कोतवाल बुक. जन्माच्या रकान्यात बाळाचं नाव नाही. बापाचं नाव, जात, आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. मृत्यूच्या पानावर वय ‘आठ दिवस’, ‘दीड महिना’, कारण ‘ताप’. आजोबा सापडले. त्यांच्या आगेमागे दोन भावंडंही सापडली, ज्यांच्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

‘ताप’ या एका शब्दात हिवताप, न्यूमोनिया, विळ्यानं नाळ कापल्यावर होणारा धनुर्वात असं सगळंच कोंबलेलं असे. 1918ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, तीही त्यातच. 1937 साली ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे 162 मुलं पहिला वाढदिवस पाहत नव्हती, असं पुढे देशाच्या आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं नोंदवलं. तेही नोंद झालेल्यांपुरतं. आमच्याकडच्या जुन्या माणसांची नावं आठवा: उकंडा, कचरू, दगडू, फकिरा. आधीची दोन-तीन गेली की पुढचं लेकरू उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं उचलायचं, मग आईनं ते सूपभर धान्य देऊन ‘विकत’ घ्यायचं. कुणाची नजर लागू नये म्हणून नावच ओंगळ ठेवायचं.

स्वातंत्र्यानंतर उतार लागला, पण सावकाश. 1971 मध्ये देशाचा अर्भक मृत्युदर, म्हणजे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत जाणारी मुलं, अजून 129 होता. देवीचा रोग गेला, 1975 मध्ये अंगणवाडी आली, 1985 पासून लसीकरण सार्वत्रिक झालं. हे सगळं लवकर पोचलं ते रस्त्यालगतच्या गावांत.

गडचिरोलीत 1986 साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी गावोगावचे बालमृत्यू स्वतः मोजले, तेव्हा हजारी आकडा निघाला 121. सगळ्यात जास्त मुलं न्यूमोनियानं जात होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं, आणि ज्या दाईनं मोजायचं तिला तर बाराच्या पुढे आकडे येत नाहीत. म्हणून एक साधं यंत्र बनवलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. त्या खोक्याला मी कोणत्याही मोठ्या इमारतीपेक्षा वरचं स्थान देईन. पुढे 39 गावांतल्या बायकांनी घरातच नवजात बाळांची देखभाल केली: गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, ऊब, जंतुसंसर्गाला इंजेक्शन. तिथला नवजात मृत्युदर, म्हणजे पहिल्या अठ्ठावीस दिवसांतली मरणं, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या निम्म्याखाली आला. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 पासून हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली.

मेळघाटची गोष्ट जास्त अवघड. 1993 साली धारणी-चिखलदऱ्यातली कोरकू आदिवासी मुलांची मरणं बातम्यांत आली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात मंत्र्यांचे दौरे ठरलेले. कुपोषणानं मूल सरळ मरत नाही. अशक्त पोराला हगवण किंवा न्यूमोनिया पुरतो. म्हणून कागदावर कारण भलतंच दिसतं आणि ‘कुपोषणानं एकही मृत्यू नाही’ असं उत्तर देता येतं. दुखणाऱ्या पोटाला तापलेल्या विळ्याचे चटके देण्यावरून शहरात खूप नाकं मुरडली जातात. पण नदीला पूर आला की दवाखान्यात जायचं कसं, याचं उत्तर नाकं मुरडणाऱ्यांकडे नसतं. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला राहिले, हे म्हणूनच महत्त्वाचं.

2020 मध्ये महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर 16 होता, देशाचा 28. त्या 16 पैकी 11 बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेलेली. कोतवाल बुकातल्या ‘आठ दिवस’ची आठवण व्हावी अशी. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं. नाव सासरच्या वहीत, बाळ माहेरच्या गावात, आणि तिसऱ्या दिवशी कुणी जायचं यावर दोन गावच्या आशाताई फोनवर बोलत असतात.