पुरी उतरू दे, मगच लाव

फोन चार्जिंगला लावायला गेलं की घरातलं कुणीतरी हटकतंच, "आत्ताच काय लावूलास? पुरी उतरू दे की." बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही घरात हा सल्ला फुकट मिळतो. आजच्या फोनसाठी तो चुकीचा आहे, पण अडाणीपणाचा नाही. तो ज्या बॅटरीसाठी होता ती गेली आणि सल्ला मागे राहिला.

१९८३ साली विक्रीला आलेला मोटोरोलाचा हातातला फोन निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालायचा. दहा तास चार्जिंगला ठेवायचा आणि जेमतेम अर्धा तास बोलायचं. ही बॅटरी अर्धवट उतरली असतानाच पुन्हा पुन्हा भरली, तर आतल्या कॅडमियमचे स्फटिक मोठे होत आणि ती लवकर मान टाकू लागे. म्हणून ती अधूनमधून पूर्ण उतरवणं शहाणपणाचं होतं. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि हे गणित उलटलं. अर्धवट उतरली असताना भरली म्हणून लिथियम बॅटरी बिघडत नाही. तिला तळ गाठलेला सोसत नाही आणि तुडुंब भरून गरम राहिलेलंही सोसत नाही. ज्या संशोधनावर ही बॅटरी उभी राहिली, त्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली नोबेल मिळालं.

आपल्याकडे घरोघरी मोबाईल पोचवला तो २००३ च्या नोकिया ११०० ने. त्याची बॅटरी ८५० एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप), आणि लिथियमचीच. तरीही नवी बॅटरी दोन-तीनदा पूर्ण भरून-उतरवल्यावरच पूर्ण क्षमता देते, असं नोकियाच्या पुस्तिकेतच छापलेलं असे. मग दुकानदाराने "पहिले आठ तास हात लावू नका" म्हटलं, तर त्याला काय दोष द्यायचा? २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या सदोष असू शकतात असं जाहीर केलं. चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगते, फुटते, ही धास्ती त्यानंतर पक्की झाली. चिमट्यात बॅटरी धरून रंगीत दिवे लुकलुकवणारे स्वस्त चार्जर मात्र तरीही खपत राहिले.

नोकिया ११०० चा स्टँडबाय, म्हणजे न बोलता नुसता चालू राहण्याचा वेळ, कंपनी चारशे तासांपर्यंत सांगायची. आज पाच हजार एमएएचचा, म्हणजे जवळपास सहापट बॅटरीचा फोन रात्री जेवणापर्यंत टिकत नाही. मोठा रंगीत पडदा हे त्याचं एक कारण. दुसरं कारण सप्टेंबर २०१६ पासूनचं: जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फोन दिवसभर जागा राहू लागला.

सीमाभागात आणखी एक कारण आहे आणि ते स्वस्त डेटाच्या आधीपासूनचं आहे. इथे दोन टेलिकॉम सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेसाठी आखलेले विभाग, एकमेकांना भिडतात. एकीकडे कर्नाटक, दुसरीकडे गोव्यासह महाराष्ट्र. शिनोळीकडे किंवा कागलकडे निघालं की फोन पलीकडचा टॉवर पकडायचा आणि इनकमिंगचेही पैसे कापले जायचे. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून रोमिंगमधलं इनकमिंग मोफत केलं, पुढे इतरांचंही सुटलं. तोवर अनेकांनी दोन्हीकडची सिमं बाळगली. दोन सिमं म्हणजे दोन नेटवर्कांची हजेरी, आणि तिचा भार एकाच बॅटरीवर.

त्याहून मोठा खर्च रेंज शोधण्याचा. टॉवर जवळ असेल तर टू-जी फोन काही मिलिवॅटमध्ये भागवतो, टॉवर लांब असेल तर दोन वॅटपर्यंत ओरडतो, म्हणजे कित्येक शेकडा पट. फोर-जीची कमाल मर्यादा साधारण ०.२ वॅट, पण तत्त्व तेच. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट या वाटेवर फोन खिशात नुसता पडून असतो आणि बॅटरी उतरलेली असते. कुणी वापरला म्हणून नाही, तो सारखा टॉवर धुंडाळत होता म्हणून. घाटात एअरप्लेन मोड लावणं हा साधा उपाय आहे. पावसाळ्यात तिकडे वीजही जाते, तेव्हा तर तो लावाच.

बेळगाव जिल्ह्याच्या ईशान्येला दुखणं वेगळं. अथणी, रायबाग भागात एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशीला टेकतं. तिथे मोटारसायकलच्या हँडलवर फोन अडकवून, नकाशा चालू ठेवून, वर पॉवर बँक लावली की बॅटरीचं आयुष्यच घटतं. लिथियमचा एक सेल भरून साधारण ४.२ व्होल्टला पोचतो. त्या ताणात उष्णतेची भर पडली की आतली रासायनिक झीज वेगाने होते. घाटात उतरलेली बॅटरी घरी आल्यावर पुन्हा भरते, उन्हात झिजलेली क्षमता परत येत नाही.

आता पुष्कळ फोनमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. माझ्या ओळखीच्या एका काकांनी ती लगेच बंद करवून घेतली. पैसे शंभर टक्क्यांचे मोजलेत, म्हणाले.